हात आधी जातो

मंगळवार, रात्री साडेदहा

"काकी, तुमचो हात आधी जाता."

एवढंच म्हणाली ती, मोबाईल माझ्यापुढे धरून, अगदी सहज. मी "बघू" म्हटलं आणि नंतरचा अर्धा तास तिच्या फेकीकडे नीट बघितलंच नाही. घरी येऊन भात करपवला. अजून तेच डोक्यात आहे.

तिला थाळीफेक शिकवायला मी गेले होते. सुंभाचं एक टोक तिने पायाखाली दाबलं, सव्वा मीटरवर गाठ मारून मी सड्यावर, कातळाच्या माळावर, चुन्याने गोल आखला. अडीच मीटरचं वर्तुळ. एक किलोची जुनी थाळी, कडेचं लोखंड खाऱ्या हवेने खाल्लेलं. तिला सांगितलं, थाळी मुठीत धरायची नाही. कड बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकवायची, अंगठा नुसता वर ठेवायचा. शेवटी ती तर्जनीवरून सुटली की स्वतःभोवती फिरते, आणि फिरली तरच तरंगते. पाठ फेकीच्या दिशेला. डाव्या पावलावर गिरकी, उजवं पाऊल वर्तुळाच्या मध्यावर, टाच न टेकता, आणि ते फिरतच राहायला हवं. डावं पुढच्या कडेशी रोवलं की आधी कंबर वळते, मग छाती. हात सगळ्यात शेवटी, मागून ओढत आणल्यासारखा.

सगळं पाठ आहे मला. मला शिकवणाऱ्या आप्पांचेच शब्द. मग करून दाखवलं आणि तिने शूटिंग केलं.

आत्ता तो व्हिडिओ पुन्हा हळू करून पाहिला. उजवं पाऊल टेकतंय तोवर माझा हात छातीच्या पुढे आलेला. कमरेला काही काम उरलेलंच नाही. थाळीला मागून पुढे यायला जो लांब पल्ला मिळायला हवा, तो मी अर्ध्यावरच तोडते.

ओरोसच्या स्पर्धेत बूट उसने होते, सिमेंटचं वर्तुळ निसरडं होतं. इतकी वर्षं हेच सांगत आले. २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये थाळीफेकीची तिन्ही पदकं आपल्याच मुलींनी घेतली, कृष्णा पुनियाची फेक ६१.५१ मीटर, तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले होते. बूट असते तर, असं तेव्हाही म्हणाले. आई त्यावर जे बोलली ते जाऊ दे.

बूट उसने होते हे खरंच आहे. पण हात कोणी पुढे ओढला?

आप्पा कडेला उभे राहून ओरडायचे, "गो, घाई कसली?" मला वाटायचं, गिरकीबद्दल बोलतायत. म्हणून गिरकी हळू करत गेले. अजून हळू, अजून हळू. आणि पाय मंदावले तसं सगळं हातावर आलं. ते हाताबद्दल बोलत होते. एकदा तरी विचारायचं होतं मी त्यांना. आता...

जेवणं झाल्यावर खळ्यात गेले, ओला टॉवेल घेऊन, अनवाणी. टॉवेल मागे लोंबत राहिला पाहिजे, बाकी काही बघायचं नाही. चार वेळा तो माझ्या आधी पुढे आला. पाचव्यांदा कंबर वळली, हात मागे जडच्या जड राहिला, आणि मग टॉवेल असा सपकन आला की पाणी पार तुळशीपर्यंत उडालं. खांद्यात जोर न लावता. असं लागतं तर ते.

गुडघा ठणकतोय. ठणकू दे. या वयात मी काही कुठल्या स्पर्धेत उतरणार नाही.

तिचा हात मागे राहतो. कोणी न शिकवता राहतो. दुपारी दिसला होता मला, आणि मी शाबास म्हटलं नाही. हे मात्र टोचतंय.

उद्या चारला बोलावलंय तिला. आज आम्ही समुद्र मागे ठेवून फेकत होतो, मागचा वारा थाळी खाली दाबतो. उद्या गोल उलट्या बाजूने वापरायचा, फेक समुद्राकडे. खारा वारा समोरून आला की थाळीला खालून उचलून धरतो. आधी तिच्या सगळ्या फेकी बघेन. मग म्हणेन, आता मोबाईल धर आणि माझा हात बघ.