टोकन नंबर ४७

आज आईला घेऊन धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. वेळ दिली अकराची, नंबर लागला पाऊण वाजता, ते सोडा. बाहेर ऊन असं की गाडीच्या सीटला हात लावायची सोय नाही, आणि आत हॉलमध्ये दोन मोठे कूलर इतका आवाज करून राहिले होते की बाजूचा माणूस काय बोलतो ते कळत नव्हतं, वरून टीव्ही, वरून एक लहान पोरगं रडतंय, वरून एक काका फोनवर सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब ओरडून सांगतायत. आईच्या डोळ्यांत थेंब टाकलेले म्हणून ती डोळे मिटून बसली आणि दहा मिनिटांत चक्क घोरायला लागली.

मी मोबाईलमध्ये. काउंटरवरची मुलगी एका सुरात नंबर घेत होती, त्यातला एकोणचाळीस काय नि त्रेचाळीस काय, मला एकही ऐकू आला नाही, पण सत्तेचाळीस म्हटल्याबरोबर मान आपोआप वर झाली. आमचा नंबर ४७ होता. आता ४७ माझा कोण लागतो? सकाळी एका चिठ्ठीवर मिळालेला आकडा, तासाभरात माझा होऊन बसला.

बीएला सायकॉलॉजी होतं, त्यामुळे असं काही झालं की डोक्यात किडा वळवळतो. १९५९ मध्ये नेव्हिल मोरेनं लोकांना हेडफोन लावून एका कानात येणारा मजकूर मोठ्यानं म्हणायला लावला होता. दुसऱ्या कानात तेच ते शब्द ३५ वेळा ऐकवले तरी नंतर कोणाला आठवले नाहीत, पण त्याच कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण तिघांतल्या एकाला ते कळलं. तिघांतल्या एकालाच हं, आमचे सर मात्र आपलं नाव माणसाला कुठूनही ऐकू येतं असं ठोकून द्यायचे. पुढे २००१ मध्ये दिसलं की ज्यांना एका गोष्टीवर लक्ष धरून ठेवणं कमी जमतं त्यांनाच नाव जास्त ऐकू येतं. म्हणजे मी. अॅन ट्रीझमनचं म्हणणं मला पटतं, की मेंदू नको असलेला आवाज बंद करत नाही, फक्त बारीक करतो, आणि स्वतःच्या नावाला जागं व्हायला तेवढा बारीक आवाजही पुरतो.

आकड्याचं कोडंही सुटतं. २०१२ च्या एका प्रयोगात लोकांना नुसतं सांगितलं की हा त्रिकोण म्हणजे तुम्ही, हा गोल तुमचा मित्र, हा चौकोन अनोळखी माणूस (कोणाला कोणता आकार ते बदलायचं). मग स्क्रीनवर आकार आणि शब्दाची जोडी आली की बरोबर की चूक ते सांगायचं. स्वतःच्या आकाराला लोक सगळ्यात झटपट आणि कमी चुका करत उत्तर देत होते, पाच मिनिटांपूर्वी त्या त्रिकोणाशी काही देणंघेणं नसताना! 'माझं' हा शिक्का मेंदू इतका स्वस्तात मारतो बाप्पा.

बरं, नंबर झाला, मग मुलीनं नाव पुकारलं. सुमन, सुमन, तीनदा. आई घोरतेय. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणाची तरी पोरगी जोरात ओरडली, "आई!" तशी आमची आई डोळे न उघडताच म्हणाली, "काय वं?"

मी हसली, पण नंतर ते डोक्यातून जाईना. झोपेतसुद्धा मेंदू आपल्या नावाला इतर नावांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो, डोक्याला तारा लावून मोजलंय ते. मग आईचं नाव नक्की कोणतं? बाळाला साडेचार महिन्यांतच आपल्या नावाचा आवाज ओळखू येतो, त्या वयात तिनं जे ऐकलं ते सुमन नव्हतंच. ती वत्सला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुमन लिहिलं आणि झालं. त्यानंतर तिला सुमन म्हटलं कोणी? गॅसच्या पुस्तकानं, बँकेच्या पासबुकानं, मतदार यादीनं. बाबा "ऐकलं का" म्हणतात, शेजारी काकू म्हणतात, आम्ही आई. चाळीस वर्षं कागदावर राहिलेलं नाव कूलरच्या आवाजात कुठून कानात शिरणार.

डॉक्टरांनी तिला दहा गोष्टी सांगितल्या. थेंब दिवसातून चारदा, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, चोळायचं नाही, महिन्यानं परत. रिक्षात मी विचारलं काय काय सांगितलं, तर म्हणे, "वयाच्या मानानं माझी नजर चांगली हाय म्हणे." बस, एवढंच. १९७७ मध्ये रॉजर्स वगैरे मंडळींनी विशेषणं देऊन पाहिलं होतं, तिथंही "हा शब्द तुम्हाला लागू होतो का" असं विचारलेले शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले, अर्थ विचारलेल्या शब्दांपेक्षाही. आई त्या प्रयोगात पहिली आली असती. (व्हेरायटी चौकात एका कारच्या प्लेटवर शेवटी ४७ दिसलं, आणि मी वळून पाहिलं. आता हा आकडा किती दिवस पिच्छा पुरवतो कोण जाणे.)

संध्याकाळी ती दिवाणावर पडली होती, कूलर चालू, टीव्ही चालू. मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हटलं, "सुमन." काही नाही. थोडं मोठ्यानं, "सुमन." कूस बदलली, पण त्यात माझा काही हात नसावा. मग काटोलचा मामा हाक मारतो तशी मारली, तीही अगदी बारीक आवाजात, "वच्छे."

"हाव, आली," म्हणत ती उठून बसली आणि पायानं चप्पल शोधायला लागली.

"काऊन वं, दादाचा फोन हाय का?"

"नाही, असंच."

"मग कायले आवाज देऊन राहिली? झोप मोडली माही. उठवलंच हाय तं ते थेंब टाक आता."