अफरवटच्या पायथ्यावरून परत

दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारी आम्ही कोल्हापूरची सहा माणसं. फेब्रुवारीत गुलमर्गला गेलो. तंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या, तिथूनच पोरं हरखली होती.

दुसऱ्या दिवशी गोंडोलानं, म्हणजे तिथल्या रोपवेनं, कोंगडोरीच्या स्थानकावर उतरलो. दोन दिवस बर्फ पडून आभाळ निवळलं होतं. समोर अफरवट शिखराचा उतार, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. आमच्यातला धाकटा म्हणाला, "दादा, जाऊया की सरळ वर!"

आमचे गाइड, पन्नाशीचे काश्मिरी चाचा, आधी प्रत्येकाच्या छातीवरचा ट्रान्सिव्हर, म्हणजे गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र, तपासत होते. पाठीवर फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी. हिमस्खलनात बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा वाचतो. पुढं श्वास कोंडून आशा झपाट्यानं कमी होते. खालून मदत येईपर्यंत वेळच नसतो. सोबतच्यांनीच उकरायचं.

मग त्यांनी तशाच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या चढावर छातीएवढा खड्डा खणला. वर ताजं, भुसभुशीत बर्फ. त्याखाली वाऱ्यानं दाबून घट्ट झालेला थर. आणि अगदी तळाशी, जमिनीलगत, राखाडी खडे. चाचांनी मूठभर माझ्या हातावर ठेवले. दाबले तरी गोळा होईना, साखरेसारखे बोटांतून गळून गेले. हंगामाच्या सुरुवातीला थोडंच बर्फ पडतं, रात्री मोकळ्या आभाळाखाली कडाक्याची थंडी असते आणि जमीन मात्र शून्याच्या आसपास. या फरकानं बर्फातली वाफ वर सरकत राहते, कण एकमेकांना धरायचं सोडतात आणि टोकदार होतात. नंतर कितीही बर्फ साचलं तरी ते उभं राहतं या साखरेवरच.

थर किती सहज सुटतो ते बघायला चाचांनी खड्ड्याच्या भिंतीत फूटभर रुंदीचा खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारायला लागले. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, असा क्रम. बाराव्या थापेला वरचा अख्खा ठोकळा आमच्याकडं सरकला. गुऱ्हाळात साच्यातून ढेप सुटावी तसा, कडा तासल्यासारखी सरळ.

कुणी बोललं नाही.

समोरच्या उताराचा कोन 34 अंश भरला. असे थर बहुतेक 30 ते 45 अंशांतच सुटतात, म्हणजे चढावंसं वाटणारा उतारच नेमका. चाचा म्हणाले, परत. दोघं नाराज झाले, एवढ्या लांबून आलो म्हणून. मला चाचांचंच पटलं. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-2 शिखरावर हिमस्खलनात सापडलेली तुकडी तर गिर्यारोहणाचं शिक्षण घेणारी होती.

आपल्याकडं दरड पावसात येते. 2021 च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा आभाळ फाटलं होतं, भीती आधीच मनात होती. इथं लख्ख ऊन होतं.

उतरताना झाडांच्या अलीकडच्या सपाटीवर पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला. खालची साखर ढासळून आजूबाजूचं बर्फ एकदम बोटभर खाली बसलं. चाचांनी हात वर केला, आम्ही जागच्या जागी थांबलो. सपाटी होती म्हणून पुढं काही झालं नाही. धाकट्यानं वळून त्या उताराकडं पाहिलं आणि ट्रान्सिव्हरचा दिवा लागलाय का ते जॅकेट उघडून बघितलं.