लहान मुलांना घेऊन मालदीव: ऑल-इन्क्लुझिव्ह घेण्याआधी आणि बेटावर पोचल्यावर

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. बाहेर किराणा नाही, मेडिकल नाही, रात्री दहाला दूध संपलं तर कोपऱ्यावर टपरी नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं बरोबर असतील तर सुट्टी कशी जाणार हे बुकिंग करतानाच ठरतं. त्यातही बेट विमानतळापासून किती दूर आणि खोली कुठली, या दोन गोष्टी आधी बघा. पाण्यावरच्या खोलीतल्या काचेच्या जमिनीचा फोटो नंतर.

मुंबई-माले थेट विमान तीन तासांच्या आत पोचवतं. खरी कसोटी त्यानंतर. वेलाना विमानतळावरून बेटावर जायचे मार्ग तीन: स्पीडबोट, सीप्लेन, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मालेला दुपारी साडेतीननंतर उतरणारं विमान घेतलंत तर त्या दिवशी सीप्लेन मिळेल असं धरू नका. विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर एक रात्र काढावी लागते, आणि बेटावरच्या रात्रीचे पैसे भरलेले असतील तर ते गेलेच. सीप्लेनची नेमकी वेळ साधारण आदल्या संध्याकाळी कळते. एक विमान दोन-तीन बेटांवर थांबत जातं, त्यामुळे ४० मिनिटांचं उड्डाण लाउंजमधली वाट धरून तीन तासांचं होऊ शकतं.

सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा सहसा माणशी २० किलो आणि हातात ५ किलो. वजन जास्त झालं तर बॅगा नंतरच्या फेरीने येतात. म्हणून पोहण्याचे कपडे, एक दिवसाचे डायपर, औषधं आणि मुलाचं खाणं हातातल्या पिशवीतच हवं. आत एसी नसतो आणि विमानाच्या पंख्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा. मोठ्यांना फोमचे बोळे मिळतात, पण तान्ह्याच्या कानात ते बसत नाहीत. त्याच्यासाठी कानांवर बसणारे इअरमफ घरून न्या.

स्पीडबोटीचा त्रास वेगळा. समुद्र खवळलेला असला की पुढचा भाग आपटत जातो, त्यामुळे मागच्या बाकावर बसा. निघण्याआधी मुलाला पोटभर दूध पाजू नका. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, हे रिसॉर्टला आधी ईमेलवर विचारा. सगळं जमेला धरून आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाताना उत्तर किंवा दक्षिण माले अटोलमधलं (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं), स्पीडबोटीने तासाभराच्या आतलं बेट घ्या. सीप्लेनचे प्रत्येकी काहीशे डॉलर वाचतात आणि विमान उशिरा आलं तरी त्याच रात्री बेटावर पोचता येतं.

आता खोली. पाण्यावरच्या व्हिलाच्या डेकला बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो आणि शिडी थेट समुद्रात उतरते. काही रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे राहूच देत नाहीत, काही जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर दिवसभर कुणीतरी एकजण पहारा देत बसतो. बीच व्हिला घ्या. दारात वाळू, झाडाची सावली, पाय धुवायला रांजण, आणि बुफेपासून पायी पाच मिनिटं. ‘खासगी पूल’ असेल तर त्याचं दार आतून कडी लावून बंद होतं का, हे विचारा. वाऱ्याचाही विचार करा. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा असतो, तेव्हा पश्चिमेच्या किनाऱ्यावर लाटा आणि वाहून आलेलं शेवाळ जास्त. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा, तेव्हा उलट. त्या महिन्यात लगून, म्हणजे किनाऱ्यालगतचं प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी, शांत असलेल्या बाजूची खोली मागून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत दर बरे असतात, पण एखाददोन दिवस पावसात जातील हे धरून चला. नाताळात हवा छान, मात्र २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण अनेक ठिकाणी सक्तीचं असतं आणि त्याचं बिल वेगळं.

‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ हे नाव एक, मजकूर प्रत्येक रिसॉर्टचा वेगळा. तीन वेळचं बुफे, पाणी, ज्यूस आणि ठरावीक पेयं बहुधा येतात. मुख्य बुफे सोडून इतर रेस्टॉरंटमध्ये जेवलं तर काही ठिकाणी फरकाचे पैसे पडतात. जेट स्की, बनाना बोट, डॉल्फिन बघायची सफर, स्पा आणि बेबीसिटिंग सहसा त्यात नसतं. किड्स क्लब मोफत असतो, पण साधारण तीन किंवा चार वर्षांपासून पुढे; त्याखालच्या मुलासोबत पालकाने बसायचं किंवा तासावर पैसे देऊन आया घ्यायची. मुलांचं मोफत जेवण कितव्या वर्षापर्यंत, आणि वय कुठल्या तारखेचं धरतात, हेही लेखी घ्या. विमानाचा हिशोब आणखी काटेकोर: परतीच्या आधी मुलाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर येताना त्याचं स्वतंत्र तिकीट लागतं.

दराच्या पुढे अधिकची दोन चिन्हं दिसली की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन जीएसटी बाकी आहे असं समजा. हा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. म्हणजे १०० डॉलरचे होतात १२८.७०. त्याखेरीज ग्रीन टॅक्स: रिसॉर्टमध्ये १ जानेवारी २०२५ पासून माणशी रोज १२ डॉलर, दोन वर्षांखालच्या मुलांना माफ. आईवडील आणि दोन मोठी मुलं चार रात्री राहिली तर हेच १९२ डॉलर. एजंटच्या ‘सगळं धरून’मध्ये तो धरलाय का, हे विचाराच. भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ कर, कापला जातो. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे. व्हिसा पोचल्यावर मोफत मिळतो. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म उतरण्याआधीच्या ९६ तासांत भरायचा, तान्ह्या मुलाचासुद्धा वेगळा. तोही मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. पासपोर्टची मुदत तपासताना मुलांचा आधी पाहा, कारण तो पाचच वर्षांचा असतो आणि विसरला जातो. सहा महिने शिल्लक असलेले बरे. सामानात दारू, डुकराचं मांस, ई-सिगारेट आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. प्रवासाच्या पिशवीत कायम असणारी गणपतीची छोटी मूर्ती त्यात मोडते. ती घरी देव्हाऱ्यात ठेवून जा. ड्यूटी फ्रीमधली बाटली कस्टम्स पावती देऊन ठेवून घेतं आणि परतताना देतं.

खाण्याचं फारसं अडत नाही. बहुतेक मोठ्या रिसॉर्टच्या बुफेवर डाळ, भात आणि एखादी भारतीय भाजी असते आणि स्वयंपाकघरात भारतीय आचारी भेटतो. पहिल्याच दिवशी त्याला गाठून ‘बिनतिखटाचा मऊ भात, वरण, दही’ एवढं सांगून ठेवलं की पुढचे दिवस सुटतात. अडचण वेळेची आहे. संध्याकाळचा बुफे साडेसात-आठला उघडतो आणि मूल सातलाच पेंगतं. त्यात अनेक रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. माले भारताच्या अर्धा तास मागे, म्हणजे रिसॉर्ट भारताच्या अर्धा तास पुढे. बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची, हे प्रत्येक वेळी विचारा. खोलीत किटली असते, त्यामुळे नाचणी सत्त्व, मेतकूट आणि नुसतं गरम पाणी घालून होणारी खिचडी असली की संध्याकाळ निभते. नेहमीची दूधपावडर घरूनच, लागेल त्याच्या दीडपट. डायपर आणि पोहण्याचे डायपरही तसेच; बेटावरच्या दुकानात माप मिळेलच असं नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे, अॅडॉप्टर लागतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. लगून गुडघाभर आणि कोमट असतं, म्हणून पालक बिनधास्त होतात. पण प्रवाळाची कड आली की तळ एकदम खाली जातो, आणि दोन प्रवाळपट्ट्यांमधल्या खाडीत भरती-ओहोटीच्या वेळी ओढ जबरदस्त असते. रिसॉर्टच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं नाही. दंडातले हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्यावर भरवसा ठेवू नका; मापाचं, पायांमधून पट्टा येणारं जॅकेट घरून न्या. मूल पाण्यात असताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर उभं राहायचं, फोन खोलीत ठेवायचा. जेटीखाली उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांची शार्कची पिल्लं फिरताना दिसतात. ती माणसापासून लांबच राहतात, मात्र मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, वाळूत रुतून बसतो. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाललं की तो आधीच निघून जातो. प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने चांगलं धुऊन अँटिसेप्टिक लावा. ती जखम लवकर चिघळते, म्हणून मुलांच्या पायात पाण्यातले बूट हवेतच.

ऊन विषुववृत्ताजवळचं आहे, ढगातूनही भाजतं. सकाळी दहानंतर आणि दुपारी साडेतीनच्या आधी मुलं सावलीत. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, मानेवर पडदा असलेली टोपी, आणि उघड्या अंगाला दर दोन तासांनी आणि प्रत्येक डुंबण्यानंतर सनस्क्रीन. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे. डास आणि डेंग्यू तिथेही आहेत, त्यामुळे संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि ओडोमॉस.

औषधांत पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाच्या मात्रेसह लिहून घेतलेलं, ओआरएस, झिंक, कानाचे थेंब, थर्मामीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, लहान २०० मिलीचं. निम्मं पाकीट अंदाजाने ग्लासात ढवळू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. काही रिसॉर्टमध्ये डॉक्टर असतो, काहींचा शेजारच्या बेटावर. मोठं काही झालं तर मालेला हलवतात, तिथे भारताच्या मदतीने उभं राहिलेलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे. रात्री सीप्लेन नाही, हे इथे पुन्हा आठवा. दूरच्या बेटासाठी प्रवास विम्यात आपत्कालीन हलवणूक हवीच.

परतीच्या दिवशी खोली बहुधा बाराला सोडायची असते आणि काही ठिकाणी तुमचं जेवण-पेयही तेव्हाच संपतं. मधल्या तासांसाठी आंघोळीची खोली आणि दुपारचं जेवण मिळेल का, हे आदल्या रात्री रिसेप्शनवर ठरवा. इमुगा जातानाही भरायचा असतो. बॅग भरताना मुलांचे खिसे आणि वाळूच्या बादल्या रिकाम्या करा: प्रवाळाचे तुकडे देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि विमानतळावर एक्स-रेत ते दिसले की सगळी बॅग उघडून दाखवावी लागते.