वॉर्सा 1:1000 : वार्सोचा मास्ट एकदाचा सरळ झाला!

मंडळी, पोलंडमधल्या उंच इमारतींची 1:1000 मॉडेल्स (खरा 1 मीटर म्हणजे आपला 1 मिलिमीटर) करतोय, त्यातला वॉर्सा शहरातला वार्सो टॉवर उभा राहिला. मास्टसकट, म्हणजे छतावरच्या उभ्या काडीसकट, 310 मिलिमीटर. ओळंबा सोडून बघितला, चारही बाजूंनी फोटो काढून स्क्रीनवर रेघ मारून बघितली. सरळ! वॉर्सातल्याच पॅलेस ऑफ कल्चरच्या गच्चीवरच्या नक्षीदार कठड्यांचं रडगाणं मागच्या भागात झालंच होतं, त्यामुळे आज फक्त मास्ट.

एका काडीसाठी एवढा जीव का काढायचा, असं काहींनी विचारलं होतं. पोलंडच्या उंच इमारतींच्या यादीत काडीवरच सगळं ठरतं म्हणून. वार्सोचं छत 230 मीटरवर संपतं. शेजारचा पॅलेस ऑफ कल्चर टोकापर्यंत 237. म्हणजे मास्ट नसलेला वार्सो शेल्फवर ठेवला की 1955 सालचा स्टालिनचा नजराणा त्याच्यापेक्षा 7 मिलिमीटरनं उंच दिसतो, आणि वास्तुविशारद नॉर्मन फोस्टरच्या ऑफिसनं केलेली, युरोपीय संघातली सगळ्यात उंच इमारत गपचूप दुसऱ्या नंबरवर. वरचे 80 मीटर लावले तरच 310 होतात. लंडनचा शार्ड 309.6 आहे. आपल्या स्केलला हा फरक 0.4 मिलिमीटर, जाड व्हिजिटिंग कार्डाएवढा. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर पहिला नंबर फ्रँकफुर्टच्या कॉमर्झबँक टॉवरकडे (259) होता, तो 2021 मध्ये वार्सोनं घेतला. तेव्हा मास्ट वाकडा असला तर मॉडेलच वाकडं, असं माझं मत.

आता मूळ दुखणं. 80 मिलिमीटर लांब, बुडाशी सव्वा मिलिमीटर आणि वर निमुळतं. 3D प्रिंटरच्या रेझिनमध्ये (यूव्ही उजेडात घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) हे प्रिंट होतं, पण टिकत नाही. यूव्ही दिव्याखाली ज्या बाजूला जास्त उजेड, ती बाजू आधी आकसते आणि काडी तिकडं मान टाकते. टर्नटेबलवर फिरवत क्युअर (दिव्याखाली पक्कं) केलं, आडवं ठेवून केलं, पाण्यात बुडवून केलं. त्या दिवशी सरळ, आणि एप्रिलचं ऊन खोलीत आलं की परत नमस्कार. 'टफ' लिहिलेलं महागाचं रेझिनही ऑनलाइन मागवलं. बाटलीवरची मुदत संपत आलेली निघाली आणि दुकानदारानं फोन उचलणं बंद केलं. नाव घेत नाही, पण बाटलीवरच्या तारखेचा फोटो मागितल्याशिवाय यापुढं कुणाला पैसे पाठवणार नाही.

मग पितळ. कोल्हापुरात राहायचं आणि लेथवाल्याकडे जायचं नाही, असं कसं होईल? उद्यमनगरातल्या एका टर्नरकाकांकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ते लांब धरलं, एक तीन मिलिमीटरचा गज चकमध्ये पकडून सुरुवातही केली. दोन मिलिमीटरपर्यंत ठीक चाललं. त्याच्या खाली आलं की टूल लागताच गज मधनंच बाजूला सरकायला लागला आणि वरच्या पृष्ठभागावर लाटा उमटल्या. मशीन बंद करून म्हणाले, "टूल लावलं की लांब पळतंय बघा. एवढं बारीक पायजे तर सरळ सुईच बसवा की."

काका चिडून बोलले होते, पण मी तिथनं थेट मेडिकल गाठलं.

इंजेक्शनच्या सुया म्हणजे तयार स्टीलच्या नळ्या. 18 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचा नंबर) बाहेरनं 1.27 मिमी, आतनं साधारण 0.84. 21 गेज बाहेरनं 0.82. एकात एक अशा बसतात की मॉडेलच्या दुकानातली दुर्बिणीछाप पितळी नळी लाजावी, आणि किंमत काही रुपये. (सुईच्या पाकिटावर 'थिन वॉल' लिहिलेलं असेल तर आतलं माप मोठं असतं, फिट ढिला येतो. साधीच घ्या.) अडचण एकच, नेहमीची सुई दीड इंची, म्हणजे 38 मिमी. बाहेर 80 हवेत, शिवाय आत रोवायला वेगळी लांबी हवी.

इथं खरा हिरो आला, स्पायनल नीडल. पाठीच्या कण्यात भूल देताना वापरतात ती. 90 मिमी लांब, आणि आत भरीव तार घातलेलीच येते, स्टायलेट. ती नळीत इतकी चपखल सरकते की आत-बाहेर करत बसावंसं वाटतं, मी बसलोही. म्हणजे मास्टचे दोन टप्पे एकाच पाकिटात! 18 गेजची नळी 45 मिमी टॉवरच्या आत, 45 बाहेर. स्टायलेट 35 मिमी वर खेचली. 45 अधिक 35, झाले 80. स्टायलेटचं टोक ड्रिलमध्ये पकडून पॉलिश पेपरवर फिरवलं की निमुळतंही होतं. मेडिकलवाल्यानं आधी माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या मोजपट्टीकडं बघितलं, पण दिली. करणाऱ्यांनी एक करा : सुई हातात घेतली की सगळ्यात आधी अणकुचीदार टोक कटिंग डिस्कनं उडवा आणि ते तुकडे बाटलीत बंद करून टाका. चष्मा हवाच.

एवढं करून मास्ट लावला, आणि तो कलला.

काडी एकदम सरळ, काचेवर लोळवून बघितली तर कुठंही उजेड दिसत नाही. पण टॉवरवर बसवली की टोक दीड मिलिमीटर पश्चिमेला. एक अंशाच्या कलानं 80 मिमीवर एवढा फरक पडतो, आणि डोळ्याला तो लांबनंही कळतो. भोक परत पाडलं, दुसरा टॉवर प्रिंट केला, तीच बाजू. दोष भोकात असता तर दर वेळी दिशा बदलली असती. तीच बाजू म्हणजे गडबड खाली कुठंतरी.

माझ्या प्रिंटरची उंची 230 ला पुरत नाही, त्यामुळे बॉडी दोन तुकड्यांत. कल त्या सांध्यात होता. वरच्या तुकड्याचा खालचा पृष्ठभाग सपोर्टवर, म्हणजे तात्पुरत्या टेकूंवर, छापला जातो, आणि प्रिंटरच्या प्लेटपासून लांबची कड केसभर फुगते. नखाला लागत नाही. स्टीलची पट्टी आडवी लावून मागनं टॉर्च धरला तेव्हा एका कोपऱ्यात उजेडाची फट दिसली. उपाय सोपा : काचेवर 400 चा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि तुकडा इंग्रजी आठ काढत घासायचा, दर थोड्या वेळानं पाव वळसा फिरवून.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. आधी नळी 45 मिमी आत असली तरी तिला धरून ठेवणारं भोक 5 मिमीच खोल होतं. तेवढ्यात 0.1 मिमीचा सैलपणा असला तरी टोकाला 1.6 मिमी होतात. आता बॉडीत दोन आडव्या फासळ्या घातल्या, एक छताखाली, दुसरी तिच्यापासून 40 मिमी खाली. दोन्हीत 1.2 चं भोक छापलं आणि ड्रिल स्टँडला लावून दोन्हींतनं एकदमच 1.3 चं लांब बिट खाली उतरवलं. तोच 0.1 चा सैलपणा, पण टोकाला फक्त 0.2. ज्यांचे अँटेना, झेंडे, जहाजांच्या डोलकाठ्या कलतात त्यांनी डिंक बदलत बसण्यापेक्षा ही फासळी करून बघा. एसटीएल (3D प्रिंटची फाइल) हवी असेल तर सांगा.

बिटबद्दल एवढंच की बारीक बिटांचे स्वस्त संच घेऊ नका. त्यातलं 1.3 चं माझ्या व्हर्नियरवर 1.4 भरलं. एकच घ्या, चांगलं घ्या.

ही युक्ती हाती आल्यावर वॉर्सातल्या बाकीच्या टॉवरांचे मास्ट एका बैठकीत झाले. क्यू22 (टोक 195, छत 155), रोंदो 1 (192 आणि 159), पूर्वीचं मॅरियट हॉटेल (170 आणि 140). पॅलेसचा मनोरा मात्र रेझिनचाच, तो टप्प्याटप्प्यानं जाड होत खाली येतो, त्याला सुई शोभत नाही. पॅलेसची घड्याळंही लागली. 2000 साली बसवलेली ही घड्याळं 6 मीटर व्यासाची, म्हणजे आपल्याकडं 6 मिमीची चकती. लेझर प्रिंटवर डेकल (चिकटवायचं छापील चित्र) काढलं आणि काटे भिंगाखाली दिसतात! वॉर्सा युनिट या टॉवरच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर वाऱ्यानं हलणारे खवले आहेत, ते कसे दाखवायचे यावर अडलो होतो. आत्ता लिहिता लिहिता सुचलं, चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी तिरकी कापून लावली तर? नवी आणणार, घरातल्या गाळणीला हात लावणार नाही.

मागं कुणीतरी विचारलं होतं, दुबई सोडून पोलंडच का. माझं बालपण गांधीनगरजवळ गेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी होती, हजारो पोलिश बायका-मुलं राहून गेली. वॉर्साचं नाव कानावर होतंच. दुबईचं मॉडेल करणारे पैशाला पासरी आहेत.

आता प्लॅन बदलतोय. मूळ बेत खऱ्या जागेनुसार मांडणी करायचा होता, पण पॅलेसपासून दाशिन्स्की चौक, जिथं युनिट आणि स्कायलायनर आहेत, तो साधारण दीड किलोमीटर. 1:1000 ला दीड मीटर. एवढं टेबल माझ्याकडं नाही, आणि व्रोत्सवाफचा स्काय टॉवर (212) तर त्या नकाशातच येत नाही. आणि स्टायलेट आत-बाहेर करत बसलो होतो ना, तेव्हाच डोक्यात आलं की ती चिकटवायचीच कशाला? मास्ट काढता-घालता ठेवायचे. सीटीबीयूएच या उंच इमारतींची उंची ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात वास्तूचा भाग असलेला मास्ट धरतात, अँटेना धरत नाहीत, म्हणून कॉमर्झबँक टॉवर टोकाला 300 असून 259 च मोजतात. आपल्या बोर्डावर मास्टसकट आणि मास्टशिवाय असे दोन्ही क्रम दाखवता येतील. मास्ट काढले की पॅलेस 188 वर येतो आणि झ्वोता 44, वास्तुविशारद लिबेस्किंडचा तो फुगलेल्या शिडाचा टॉवर, 192 नं त्याच्या पुढं जातो.

त्यासाठी टॉवर जागा बदलू शकले पाहिजेत, म्हणजे एमडीएफच्या पट्टीत सारख्या खाचा आणि प्रत्येकाच्या बुडाला एकाच मापाचा खुंटा. पॅलेसचा तळ इतका पसरट आहे की तो दोन खाचा खाणार. त्याचे बाजूचे पंख कापून फक्त मधला मनोरा ठेवायचा, की सगळ्या खाचाच रुंद करायच्या? मी पंख ठेवायच्या बाजूनं आहे. लेझर कटिंगवाला शनिवारी वेळ देतोय, त्याच्या आत काय ते बोला.