पुरवणीतलं घर आणि खिशातले पैसे

ठाणे-नवी मुंबईत टॅब्लॉइडचा खरा जोर राजकारणाच्या पानावर दिसत नाही, तो घरांच्या पुरवणीत दिसतो. आधी अख्ख्या पानाची जाहिरात, मग बातम्या, मध्ये पुरवणी आणि तिच्यात ‘घोडबंदर पट्ट्याला वाढती मागणी’ छापाचे लेख. जाहिरात वाचताना माणूस सावध असतो. लेख मात्र बातमी म्हणून वाचला जातो आणि ‘तिकडे भाव वाढतायत’ हे मत तिथेच तयार होतं. पुरवणीच्या नावाखालची बारीक ओळ आधी वाचा, ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात विशेष’ असं काही असलं तर तिथेच असतं. लेखाला बातमीदाराचं नाव नाही, फोटो बिल्डरच्या ब्रोशरमधला आणि त्याच प्रकल्पाची जाहिरात शेजारच्या पानावर, या तीनपैकी दोन खुणा जुळल्या तरी मजकूर पैसे देऊन छापलाय असं धरून चाला.

मग महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक. नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता जाहिरातीत ठळक छापणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात जिल्हा कळतो: पी517 म्हणजे ठाणे, पी520 म्हणजे रायगड. वाशी-ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, उलवे, पनवेल रायगडमध्ये. पण कर्जतही रायगडमध्येच आणि भिवंडी-शहापूर ठाण्यातच, त्यामुळे जाहिरातदार ‘ठाणे’ आणि ‘नवी मुंबई’ ही नावं हवी तेवढी ताणतात. कोड स्कॅन केला की गाव, सर्व्हे नंबर, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) आणि पूर्णत्वाची तारीख दिसते. ती तारीख आधी पुढे ढकलली गेली आहे का, एवढं पाहिलं तरी पुरवणीतला अर्धा उत्साह उतरतो.

आता किंमत. ‘79 लाखांपासून’ आणि वर एक चांदणी, म्हणजे ‘अटी लागू’ची खूण. इमारतीचं काम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी म्हणजे 3,95,000, ठाण्यात 7 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 5,53,000, नोंदणी 30,000. झाले वरचे 9,78,000, आणि यात पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), सोसायटीची आगाऊ रक्कम धरलेली नाही. करारातल्या किमतीपेक्षा रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला) भाव जास्त निघाला तर ड्युटी त्यावर लागते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट मिळते, ही गोष्ट जाहिरातीत क्वचितच दिसते. उलट ‘जीएसटी शून्य’ मात्र लाल फुग्यात छापतात. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या इमारतीतल्या फ्लॅटला जीएसटी लागतच नाही, त्यात बिल्डरनं मेहेरबानी कसली केली? आणि ‘आजच बुक करा’च्या घाईत हेही विसरायला नको की नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

सगळ्यात महाग शब्द ‘लवकरच’. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी 2007 ची, भूमिपूजन फेब्रुवारी 2018 चं, उद्घाटन ऑक्टोबर 2025 चं. मधल्या सगळ्या वर्षांत ‘विमानतळ हाकेच्या अंतरावर’ म्हणून घरं विकली गेली. प्रकल्पाची बातमी वाचताना क्रियापद बघावं. प्रस्ताव, मंजुरी, निविदा, कार्यादेश, काम सुरू, चाचणी, सुरक्षा प्रमाणपत्र या एकेक पायरीला वर्षं लागतात आणि प्रत्येक पायरीची बातमी भाव वाढल्याच्या सुरात छापली जाते.

मधुमेह ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या, उंची वाढवणाऱ्या चौकटींबद्दल फार बोलायला नको. अशा दाव्यांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं मनाई आहे, तरी त्या छापून येतात. रोजच्या अंकातली कूपनं जमवायच्या बक्षीस-योजनेत बक्षिसाची किंमत न बघता रोजच्या अंकाचा खर्च मोजावा. एक कूपन चुकलं की मागचा अंक शोधत फिरावं लागतं आणि पेपर बंद करायचा विचार तीन महिने पुढे जातो. योजना त्यासाठीच असते.

मतांवरच्या परिणामाचा चांगला पुरावा इंग्लंडमधला आहे. एप्रिल 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर, म्हणजे फुटबॉल स्टेडियममधल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर, ‘द सन’ या टॅब्लॉइडनं खोटी बातमी छापून लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवरच दोष ढकलला. लिव्हरपूलच्या आसपासच्या मर्सीसाइड भागात लोकांनी तो पेपर घेणंच सोडलं. पुढे अभ्यासकांनी इतर भागांशी तुलना केली, तेव्हा तिथला युरोपीय संघाविषयीचा विरोध कमी झालेला आढळला. ‘द सन’ वर्षानुवर्षं त्या संघाविरुद्ध लिहीत होता. एका अग्रलेखानं हे होत नाही, तोच सूर रोज कानावर पडल्यानं होतं.

छोट्या मराठी पेपरात मन लावून वाचावं असं पान म्हणजे जाहीर नोटिसांचं. कर्ज थकलेल्या घराचा ताबा घेतल्यावर बँकेला दोन पेपरांत नोटीस छापावी लागते आणि त्यातला एक स्थानिक भाषेतला असावा लागतो. कमी दराचा, कमी खपाचा पेपर अनेकदा त्यासाठीच निवडतात. रीसेलचा फ्लॅट बघत असाल तर इमारतीचं नाव आणि सर्व्हे नंबर या रकान्यांत शोधा. वकिलाच्या टायटल (मालकी हक्काच्या) नोटिशीत हरकतीला साधारण 14 दिवस असतात. हरकत लेखी, कागदपत्रांच्या प्रती जोडून द्यावी आणि पोच घ्यावी.