ड्रोनच्या कॅमेऱ्यात धूळ आणि माझे सतरा दिवस

सतरा दिवस माझा ड्रोन पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होता. तेवढ्यात चित्रीकरणाच्या दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या. कशापायी, तर धुळीच्या एका कणापायी.

औशाजवळ सोयाबीनची मळणी शूट करत होतो. ड्रोन मॅविक २ प्रो. शेताचे मालक म्हणाले, इथंच ट्रॅक्टरशेजारी उतरवा. मीही शहाणा, उतरवला. खाली फुफाटा, वर मशीनचं भुसकट, आणि पात्यांच्या वाऱ्यानं सगळं कॅमेऱ्यावर. रात्री फुटेज बघतो तर आभाळात उजवीकडे वर करडा ठिपका. शेत सरकतंय, बांध सरकतोय, ठिपका जागचा हलत नाही.

एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळी काच) काढला, लेन्स पुसली, तरी तिथंच. एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना, ठळक; एफ/२.८ ला, छिद्र मोठं असताना, दिसेनासा. म्हणजे कण आत, सेन्सरवर, चित्र टिपणाऱ्या चिपवर. या ड्रोनची लेन्स डीएसएलआरसारखी निघत नाही, म्हणून कुरियर केला.

सहाव्या दिवशी फोन केला. "चेकिंग चालू आहे सर." नवव्या दिवशी दुसरा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. अकराव्या दिवशी मेल आला: अख्खा गिंबल-कॅमेरा (कॅमेरा आणि त्याला स्थिर धरणारा भाग) बदलावा लागेल. आकडा वाचून मी खुर्चीतून उठलो. अहो, नुसती धूळ काढा की! "क्लीनिंग आमच्याकडे होत नाही सर." मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? नको म्हटलं, तर तपासणीचे पैसे भरा म्हणाले. भरले. परत यायला आणखी सहा दिवस. खोका उघडला आणि डोकंच फिरलं: गिंबल हलू नये म्हणून मी लावलेली सेलोटेप, टोक दुमडलेली, जशीच्या तशी होती. कुणी हात लावला असेल तर शपथ.

शेवटी लातुरातच एक जुने कॅमेरा दुरुस्तीवाले काका सापडले. "फोकस बिघडला तर माझ्या नावानं ओरडू नका," हे आधीच सांगितलं. मी हो म्हटलं. त्यांनी पंखा बंद केला, फरशीवर पाणी शिंपडलं, मग स्क्रू काढले. "डाग फोटोत कुठंय? वर? मग सेन्सरवर खाली बघू." लेन्स प्रतिमा उलटी पाडते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रबरी ब्लोअरचे तीन फुसकारे, बस्स. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट. चाळीस मिनिटांत ड्रोन हातात. गच्चीवरून उडवून लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस बघितला, शिडीच्या पायऱ्या मोजता येत होत्या.

चूक थोडी माझीही. दुपारच्या उन्हात शटर १/५० सेकंद ठेवायचा म्हणून एनडी४ लावून एफ/११ वर शूट करायचो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला जास्त गडद एनडी३२ लावला तर एफ/४ वर तेच काम होतं, आणि बारीकसारीक धूळ दिसतही नाही. लग्न तोंडावर असेल तर एवढ्यावर निभावून न्या, ड्रोन कुठं पाठवू नका. पाठवायचाच तर आधी लेखी विचारा: साफ करता की बदलता?

परवा त्याच मालकांचा फोन आला, हरभऱ्यासाठी. म्हटलं येतो, पण ताडपत्री आधी अंथरून ठेवा, आणि ट्रॅक्टर पलीकडच्या बांधाला.