बर्म्युडा ते अझोर्स: कोल्ड फ्रंटमध्ये वारा कसा फिरतो

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांपासून अझोर्स बेटांपर्यंतचं अंतर साधारण 1800 सागरी मैल. शिडाच्या बोटी मे-जूनमध्ये अझोर्सजवळच्या उच्चदाबाच्या क्षेत्राला उत्तरेकडून वळसा घालून जातात. न्यूनदाबाची केंद्रं आणखी उत्तरेला राहतात. त्यांचे दक्षिणेकडे लांबलेले कोल्ड फ्रंट, म्हणजे उबदार हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेच्या पुढच्या कडा, मात्र वाटेत गाठतातच.

समुद्रावर वारा समदाबरेषांच्या (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषांच्या) जवळपास समांतर वाहतो, न्यूनदाबाकडे 10 ते 20 अंश कललेला. फ्रंटवर या रेषा कोन करून मोडतात, म्हणून वाराही तिथेच वळतो. कोन जितका टोकदार, तितका बदल झटपट. जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या 0.25 अंशांच्या जाळीत हा कोन बोथट होतो. त्यामुळे अमेरिकेच्या ओशन प्रेडिक्शन सेंटरचे फ्रंट आखलेले नकाशेही सोबत हवेतच.

फ्रंट येण्याआधी दक्षिण-नैर्ऋत्य वारा वाढत जातो, बॅरोमीटर उतरत जातो. तीन तासांत 6 हेक्टोपास्कल उतरला तर वाट न पाहता शीड रीफ करा, म्हणजे थोडं गुंडाळून लहान करा.

खरा धोका बूमचा, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा. बोटीचं तोंड पूर्व-ईशान्येला. नैर्ऋत्य वारा उजव्या अंगाने मागून, बूम डावीकडे. फ्रंट ओलांडताच वारा वायव्येचा, म्हणजे डाव्या अंगाचा होतो आणि बूम पूर्ण ताकदीने उजवीकडे आपटते. ऑटोपायलट कंपासवर असेल तर तो दिशा धरून ठेवतो आणि हा फटका बसतो. वाऱ्यावर लावलेला असेल तर बोट मुकाट्याने दक्षिणेकडे वळते. दोन्ही वाईट. पश्चिमेला ढगांची सरळ रांग दिसली, रात्री रडारवर पावसाची रेघ उमटली, की मुख्य शीड पूर्ण उतरवा, बूम बांधून टाका, लहान पुढच्या शिडावर चाला आणि सुकाणूवर माणूस बसवा.

मग पाऊस थांबतो, दाब चढतो, क्षितिज स्वच्छ होतं. इथे फसू नका. थंड हवा कोमट पाण्यावर आल्यामुळे वरखाली घुसळते आणि वरचा वेगवान वारा झोतांनी खाली येतो. सरासरी 25 नॉट (ताशी सागरी मैल) असताना झोत 35 चा येऊ शकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावर जवळजवळ दुप्पट भार. शिवाय नैर्ऋत्येच्या जुन्या लाटांवर वायव्येच्या नव्या लाटा चढतात आणि समुद्र काही तास वेडावाकडा राहतो. तोवर मुख्य शीड चढवायची घाई नको.

फ्रंटमागून उच्चदाबाचा पट्टा सरकला की वारा पडतो. डिझेल त्या वेळेसाठी राखून ठेवा.